माणसं जोखून फिरणारा पाळणा

आमच्या जत्रेतल्या पाळण्यात वाटेल त्याने वाटेल तिथे बसायची सोय नव्हती. आधी पाळणेवाला तुमच्याकडे बघायचा. बैलबाजारात जनावराकडे बघतात तसा, पायापासून डोक्यापर्यंत. मग बोट दाखवायचा. "तू या खोक्यात. तू थांब जरा. तुमी दोघी वरच्यात." माणूस कितीही मोठा असो, त्याचं बोट जिकडे, तिकडे मुकाट्याने जाऊन बसायचं. आमच्या शाळेचे मास्तर चांगले भरभक्कम होते. त्यांना त्याने एकदा मासळी विकणाऱ्या दोन बायकांच्या समोरच्या खोक्यात बसवलं. मास्तर कपाळाला आठ्या घालून बसले खरे, पण पाळणा असा अलगद फिरला की उतरताना तेच हसत होते.

पाळणा लाकडी होता आणि हाताने फिरवायचा होता. दोन उंच खांब, मध्ये आडवा कणा, आणि त्याला टांगलेली चार खोकी. मोटर नाही, ब्रेक नाही. फिरवायला पाळणेवाला आणि त्याचा भाऊ. समोरासमोरच्या खोक्यांत सारखं वजन नसलं की जड बाजू धाडकन खाली यायची, तीच वर चढताना अडायची, आणि बसणारे किंचाळायला लागायचे. म्हणून माणसं जोखून बसवायची. थोडं कमी पडलं तर त्याच्याकडे नदीतले गोटे होते. सगळे जवळजवळ एका मापाचे, त्याने स्वतः निवडून आणलेले. तराजूत जिन्नस घालण्याआधी पारडी सारखी करतात, त्याला धडा करणं म्हणतात. हाही तसाच धडा करायचा. हलक्या माणसाच्या पायाशी एक गोटा, दोन गोटे, मग हाताने खोकं जरा हलवून बघायचा आणि भावाला म्हणायचा, "सोड."

हे त्याला कुठून आलं असं मी एकदा विचारलं होतं. तरुणपणी तो धरमतरच्या धक्क्यावर हमाली करत असे. "गोण पाठीवर घेयाच्या आधी तिचं वजन डोल्यांना कललं पायजे गो," तो म्हणाला. "पाठीवर आल्यावर कललं तर काय उपेग?" तेव्हा मला ही बढाई वाटली होती. आता वाटत नाही. आयुष्यात मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, कोर्टातली, दवाखान्यातली, शाळेतली. समोरच्या माणसाकडे इतकं नीट बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी हे अगदी मनापासून सांगते.

आमचं गाव गडबच्या आत, रस्त्यापासून मैलभर. भाताची शेती, भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल. चैत्रात ग्रामदेवतेची जत्रा भरायची आणि जत्रेच्या आदल्या दिवशी बैलगाडीतून पाळण्याचे खांब यायचे. घरात आम्ही तिघंच होतो. बाबा, मोठी बहीण आणि मी. आई मी तीन वर्षांची असतानाच गेली. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिनेच मला न्हाऊ-माखू घातलं आणि तिनेच मला खाऊ घालून घालून गुटगुटीत केलं. गुटगुटीत हा माझा शब्द आहे. गावातली पोरं दुसरा शब्द वापरायची आणि त्याबद्दल माझा मार खायची.

ताई सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसायची. तशी रीतच होती. पण बाबा जेवून उठायच्या आधी हात लांब करून टोपाचं झाकण उचलायचे. आत पुरेसा भात दिसला तरच उठायचे. दिसला नाही तर आपल्या ताटातला काढून ठेवायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं करत असतील.

पाळण्यात आम्ही दोघी नेहमी समोरासमोर. ताई उंच आणि सडपातळ, मी बुटकी आणि तशी. मी लहान होते तेव्हा माझ्या पायाशी चार गोटे लागायचे. मग तीन झाले, मग दोन. पाळणेवाला हे दर वर्षी आठवणीत ठेवायचा. वर्षभरात त्याने किती गावं केली, किती माणसं बसवली, पण आमची जोडी आली की लांबूनच ओरडायचा, "आल्या बहिनी! बारकीला औंदा दोनच!" ताईच्या लग्नाआधीच्या जत्रेत माझ्या पायाशी एकच गोटा होता. उतरताना तो मला म्हणाला, "फुडल्या वर्षी तुला दगड लागायचा नाय. दोघी सारक्या व्हनार." मला केवढा अभिमान वाटला होता. ताईएवढी होणं ही माझ्या दृष्टीने जगातली सगळ्यात मोठी गोष्ट होती.

मार्गशीर्षात ताईचं लग्न झालं. सासर रोह्याच्या बाजूला, कुंडलिकेच्या काठी. अकरा माणसांचं घर, खाऊन-पिऊन सुखी. नवरा स्वभावाने चांगला, पण पहाटे कामाला जायचा तो दिवेलागणीला परत यायचा. सासू धिप्पाड, मोठ्या आवाजाची, सगळ्या आळीवर जरब असलेली. लग्नात तिने आपल्या हाताने शंभर माणसांना वाढलं होतं. बाबा समाधानाने म्हणाले होते, "वाढता हात आहे. पोर सुखात राहील."

चैत्रात ताई जत्रेसाठी माहेरी आली. चार महिन्यांनी मी तिला पाहत होते. नवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि काकणं थेट कोपरापर्यंत वर सरकवलेली. मला ती नवी फॅशनच वाटली. मीही आरशासमोर माझ्या बांगड्या कोपराकडे चढवून बघितल्या, तर त्या मनगटाच्या पुढे जाईनात. ताईने घरात पाऊल टाकलं ते "पाळण्यात चला" म्हणतच. बाबा म्हणाले, "अगं, पाणी तरी पी." पण ती ऐकेना. उन्हातान्हाची मला ओढत घेऊन गेली.

पाळणेवाल्याने आम्हाला लांबून पाहिलं. नेहमीसारखी हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याने आधी ताईला बसवलं, अर्धा फेरा देऊन तिला वर नेलं आणि खालच्या खोक्यात मला बसवलं. गोटा ठेवला नाही. भावाने हात सोडला मात्र, मी खाली तशीच गच्च रुतून बसले. वर ताई लोंबकळत होती. रांगेतली पोरं फिदीफिदी हसायला लागली. "बारकीनं पालना बसवला रे!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पाळणेवाल्यावरच ओरडले, "तुमचा पाळणा बिघडलाय! मी काही एवढी जाडी झाले नाही!"

तो हसला नाही. त्याने ताईला खाली आणलं आणि तिच्या पायाशी एक गोटा ठेवला. खोकं हलवून पाहिलं. मग दुसरा ठेवला. "सोड," तो भावाला म्हणाला. पाळणा फिरला, एकदम सारखा. मी डोळे मिटून घेतले होते, पण ते रागाने.

घरी आल्यावर मी भात सोडला. पोरांनी चारचौघांत केलेला अपमान मी असा भरून काढणार होते. संध्याकाळी पानावर बसले आणि ताट पुढे सरकवून दिलं. ताईने माझी समजूत घातली, माझ्यासाठी घास कालवला, तो मी घेतला नाही. मग ती स्वतः जेवायला बसली. तिने तीन वेळा भात घेतला. वालाचं बिरडं बोटांनी पुसून खाल्लं. मी उपाशी आहे म्हणून ही मला जळवते आहे असं मला वाटलं, आणि मी तिच्याशी बोलणंच टाकलं. आज हे लिहिताना माझीच मला लाज वाटते. बाबा मात्र तिच्या ताटाकडे एकटक बघत होते.

"तिथे सगळं नीट आहे ना?" बाबांनी विचारलं.

"नीट आहे की," ताई म्हणाली. "पाणी जरा मानवत नाही."

दुसऱ्या दिवशी तिचा दीर तिला न्यायला आला. बाबा "चार दिवस राहू दे" म्हणाले, पण ताईच "नाही, घरी कामं आहेत" म्हणून निघाली. ती गेल्यावर बाबा जत्रेच्या मैदानावर गेले. माझा रुसवा अजून गेला नव्हता, तरी मी त्यांच्या मागे गेले. पाळणेवाला आणि त्याचा भाऊ खांब उतरवत होते. बाबांना पाहून पाळणेवाला हातातलं काम टाकून पुढे आला.

"पोर दोन दगडांनी उतरली हाय," तो म्हणाला. "बारकी वाढली ती दर वर्षासारकी, एकाच दगडानं. जास्त नाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

बाबा म्हणाले, "मी जाऊन विचारतो त्यांना. जेवायला घालता येत नसेल तर माझी मुलगी मला परत द्या."

"तुमी इचारलंत तर भांडान व्हईल. भांडान झालं की पोरीला तितं रावायचं कठीन," पाळणेवाला म्हणाला. "पंधरा दिवसांनी त्यांच्याच गावची जत्रा हाय. माजा पालना तितंच चाललाय. मला पालना फिरवायचा हाय, मला कोन काय म्हननार? तुमी नुसते या."

ते पंधरा दिवस बाबांनी कसे काढले हे मी पाहिलं आहे. जेवताना सवयीने टोपाचं झाकण उचलायचे आणि हातात तसंच धरून बसायचे. मी निमूटपणे सगळं ताट संपवायचे. दुसरं काय करावं हे मला कळत नव्हतं.

जत्रेच्या दिवशी आम्ही रोह्यापर्यंत एस.टी.ने गेलो आणि पुढे नदीच्या कडेकडेने चालत. दुपार व्हायला आली होती. देवळासमोर पाळणा उभा होता. बाबा मला घेऊन नारळाच्या दुकानाच्या आडोशाला थांबले. थोड्या वेळाने ताईची सासू आली, मागे सुना, त्यांच्या मागे शेवटी ताई. सासूला पाळण्याची भारी हौस. रांग वगैरे काही न मानता ती थेट पुढे गेली. इतर वेळी तिच्यासमोर पाळणेवाला दोन बायका बसवायचा. त्या दिवशी त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बोट दाखवलं ते एकट्या ताईकडे.

"ही धाकटी सून ना? येऊ दे तिला."

सासूला आधी बसवून त्याने आणि भावाने जोर लावून तिला वर नेलं. भावाने खालून दांडा धरून ठेवला. सासू वर आभाळात, ताई खाली जमिनीलगत. मग तो निवांतपणे गोटे आणायला गेला. एक आणला, ताईच्या पायाशी ठेवला. खोकं हलवून पाहिलं. दुसरा आणला. तिसरा. लोकांना मजा वाटायला लागली. कुणीतरी मोठ्याने मोजायला लागलं. सासूही वरून हसत होती. पाचवा गोटा ठेवल्यावर ती ओरडली, "अरे, किती दगड भरतोस? माजी सून हाय का भिंत बांदतोस?"

"पुरं व्हईत नाय, बाय," तो म्हणाला. सहावा ठेवला. सातवा ठेवला. मग तो मागे सरला, कमरेवर हात ठेवून त्याने वर पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण अगदी आदराने बोलला.

"बाय, ही पोर बारकी असल्यापासनं माज्या पालन्यात बसते. लगनाच्या आधी तुमच्यासमोर बसवली असती तर हिला पाच दगड लागले असते. आज सात लागले. दोन दगडांचं मानूस कुटं गेलं मला म्हाईत नाय. पालन्यात मी दगड घालीन. घरात दगड घालून चालत नाय."

हसणं थांबलं. बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला की मला दुखलं. ताई मान खाली घालून बसली होती, सात गोट्यांवर पाय घेऊन. सासूचा चेहरा मला खालून दिसत नव्हता. मला वाटलं, आता ही उतरणार आणि ताईला फरफटत घरी नेणार. पाळणेवाल्याने शांतपणे भावाला सांगितलं, "सोड."

त्याने नेहमीपेक्षा एकही फेरा कमी दिला नाही. पाळणा थांबला तेव्हा सासू उतरली, पदर सारखा केला आणि ताईच्या खोक्यापाशी गेली. तिने वाकून एक गोटा उचलला, हातात जोखला, खाली ठेवला. दुसरा उचलला. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. लोक म्हणायचे ती बाई दगड आहे. ते खोटं होतं. अकरा माणसांच्या धबडग्यात ती सगळ्यांची ताटं बघत होती, पण सगळे जेवल्यावर मागे भांड्यात काय उरतं हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. उरायची ती खरवड आणि पेज. नवी सून मागायची नाही, आणि तिला विचारावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"चल," ती ताईला म्हणाली. "जेवाया चल." मग तिचं लक्ष नारळाच्या दुकानाकडे गेलं. "व्याही, लपताय कशाला? तुमीपन चला."

त्या दुपारी तिने ताईला आपल्या शेजारी बसवून जेवायला घातलं. पुढे ती वीस वर्षं जगली. आपलं ताट पुढ्यात आलं की आधी ती टोपाचं झाकण उचलून आत बघायची, मगच पहिला घास घ्यायची. थोरल्या सुना तिला हसायच्या. ताई हसायची नाही.

नंतरच्या जत्रेत त्या दोघी पुन्हा समोरासमोर बसल्या तेव्हा चार गोटे लागले. पाळणेवाल्याने सासूला वाकून नमस्कार केला आणि तिने त्याला घरी जेवायला बोलावलं.

पुढे माझं लग्नही इकडेच, रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात झालं. तेव्हाच कधीतरी रोह्याच्या मैदानात विजेचा पाळणा आला. लोखंडी, उंच, वीस खोक्यांचा, त्याला रंगीत ट्यूबलाइट आणि भोंग्यावर हिंदी गाणी. पहिल्या वर्षी लाकडी पाळणा त्याच्या शेजारीच उभा होता. त्यात बसायला माझ्यासारखी चार-सहा माणसं. पाळणेवाला विजेच्या पाळण्याकडे कौतुकाने बघत होता. "कुनीपन कुटंपन बसा, फिरतोच," तो म्हणाला. "मोटरला मानूस कलायची गरज नाय." त्याला त्याचं वाईट वाटत होतं का हे मला सांगता येणार नाही. मला वाटलं. पुढे त्याची मुलं कंपनीत शिफ्टला लागली आणि पाळणा यायचा बंद झाला. मग ब्रेक डान्स आला, ड्रॅगनची गाडी आली, उलटीसुलटी होणारी बोट आली. मी त्या सगळ्यात बसले आहे. खोटं कशाला बोलू, मजा येते. पण उतरल्यावर कुणाला माझं तोंडही आठवत नाही.

यंदा ताई माझ्याकडे जत्रेला आली होती. ती आता सत्तरीच्या पुढची, मी तिच्या मागोमाग. ऊन उतरल्यावर आम्ही दोघी मैदानात गेलो आणि नातवंडांनी आम्हाला विजेच्या पाळण्यात बसवलं. शेजारी शेजारी. चालवणाऱ्या मुलाने मोबाइलवरची नजर न काढता आमच्यापुढे लोखंडी दांडी आडवी टाकली आणि बटण दाबलं. आम्ही वर गेलो. खाली नदी, पूल, पलीकडे कंपन्यांच्या चिमण्या.

मी ताईला म्हणाले, "त्या वर्षी तू हौसेने धावत पाळण्यात बसलीस म्हणून बरं. नाहीतर कुणाला कळलं असतं?"

"हौसेने?" ताई म्हणाली. "एस.टी.त बसल्यापासून मी एकच घोकत होते, पाणी प्यायच्याही आधी पाळण्यात बसायचं. त्याला कळणार हे मला ठाऊक होतं."

मग मला असा राग आला की काय सांगू. इतकी वर्षं मी ही हकिकत घराघरांत सांगत आले, पाळणेवाल्याची तारीफ करत आले, आणि ही बाई शेजारी बसून ऐकत होती.

"मग सरळ बाबांना का नाही सांगितलंस?" मी ओरडले. "तोंड शिवलं होतं का तुझं? मी भात सोडला त्या दिवशी, तेव्हा मला तरी सांगायचंस!"

पाळणा वर जाऊन थांबला होता. ताईने दांडीवरचा माझा हात धरला.

"सांगितलं असतं तर बाबांनी मला परत पाठवलं नसतं," ती म्हणाली. "मला घर सोडायचं नव्हतं गो. मला पोटभर जेवायचं होतं."